उन्हाने फोटॉनची जोडी तुटत नाही

‘नागपूरच्या 45 अंशांच्या हवेत प्रकाशाचं एन्टँगलमेंट तुटतं, म्हणून हवेतून क्वांटम चावी पाठवणं ही थाप. पाठवायचीच तर वाटेत अँप्लिफायर लावा, मग निरोप प्रकाशापेक्षाही वेगाने जाईल.’ हा मेसेज धरमपेठेतल्या आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि फिजिक्स घ्यायला निघालेली भाची डळमळली. आता उत्तर द्यायलाच हवं. एन्टँगलमेंट म्हणजे दोन फोटॉनचं, म्हणजे प्रकाशकणांचं, असं गुंफलेलं नातं की दोघांवरच्या मोजणीचे निकाल एकमेकांशी जुळतात; क्वांटम चावी म्हणजे फोटॉनमधून मिळणारा, निरोप कुलूपबंद करायचा गुप्त आकडा.

पहिला मुद्दा धडधडीत चूक आहे. तापल्या डांबरावरची हवा थरथरते, तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, जागोजागी बदलतो, त्यामुळे झोत भरकटतो, पसरतो, लुकलुकतो. पण जोडी पोलरायझेशनमध्ये, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाच्या दिशेत, गुंफलेली असेल, तर हवा तिला जवळपास धक्काच लावत नाही. फोटॉन वाटेत हरवणं वेगळं, पोहोचलेल्या जोडीचं नातं तुटणं वेगळं. 2017 मध्ये चीनच्या ‘मिसियस’ उपग्रहाने सेकंदाला 59 लाख जोड्या तयार केल्या. एकमेकांपासून 1203 किलोमीटरवर असलेल्या दोन केंद्रांना मिळून सेकंदाला जेमतेम एक जोडी सापडली. तरी बेल चाचणीचं, म्हणजे जोडीचं नातं तपासणाऱ्या मोजणीचं, मूल्य 2.37 आलं. एन्टँगलमेंट नसेल तर ते 2 च्या वर जाऊच शकत नाही!

एवढं मान्य, तो प्रयोग रात्रीचा होता. आणि जोडी तरंगाच्या पिळात गुंफली असेल, तर हवेची खळबळ तिला खरंच बिघडवते: एका मोडचा, म्हणजे एका ठरावीक पिळाचा, फोटॉन शेजारच्या मोडमध्ये सांडतो. तिथे वाटेतली हवा तपासणारा बीकन लेझर, तरंग किती वाकडा झाला ते मोजणारा वेव्हफ्रंट सेन्सर आणि तो सरळ करायला आकार बदलणारा आरसा लागतो, आणि दुरुस्ती सेकंदाला शेकडो वेळा करावी लागते.

पोलरायझेशनलाही मेहनत चुकत नाही. झोत तापल्या स्लॅबला घासून नेऊ नये. दिवसा जमिनीपासूनची उंची दुप्पट केली, की खळबळीचं माप, म्हणजे सीएन-स्क्वेअर, साधारण 40 टक्क्यांवर येतं. सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताआधी हवा काही वेळ शांत असते, तेव्हा मोजावं. दुपारी जास्त छळतो तो आकाशाचा उजेड. त्यावर एक-दोन नॅनोमीटर रुंदीचाच रंग आत सोडणारा फिल्टर आणि फोटॉन मोजायला एक-दोन नॅनोसेकंदांची वेळेची खिडकी हवी. पोलरायझेशन फिरलेलं दिसलं तर आधी दुर्बिणीचे वळते आरसे तपासा आणि वेव्हप्लेटने, म्हणजे पोलरायझेशन फिरवणाऱ्या स्फटिकाच्या चकतीने, ते सरळ करा.

अँप्लिफायरचा सल्ला तर जोडी तोडणाराच, कारण प्रकाश वाढवणं म्हणजे फोटॉनच्या नकला काढणं. अज्ञात फोटॉनची हुबेहूब नक्कल होत नाही, हे 1982 मध्येच सिद्ध झालं. वेगाचं म्हणाल, तर प्रत्येक टोकाला नुसते यादृच्छिक निकाल दिसतात. दोन्ही याद्या साध्या फोनवर जुळवल्याशिवाय निरोप नाही.

आणि ‘थाप’? 2025 मध्ये आयआयटी दिल्ली आणि डीआरडीओने कॅम्पसच्या मोकळ्या हवेतून, एक किलोमीटरहून लांब, एन्टँगलमेंटवरच चावी पाठवली: सेकंदाला सुमारे 240 बिट, चुका 7 टक्क्यांखाली.