घोरणं म्हणजे सुखाची झोप नव्हे

एक मेसेज गेल्या आठवड्यात आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या. 'घोरणाऱ्याला गाढ झोप लागते. स्लीप अ‍ॅप्निया जाड्या लोकांना होतो, वजन उतरवा, बरा होतो. उदास वाटत असेल तर मन खंबीर करा, झोपेची गोळी घ्या. मशीनच्या नादी लागू नका, सवय लागते.' स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं, आणि मशीन म्हणजे सीपॅप, रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारं. मेसेजमधलं जवळजवळ सगळंच चूक आहे, आणि नुकसान करणारं आहे.

गाढ झोप? माझा नवरा घोरायचा तेव्हा मी झोपायचे. घोरणं थांबलं की दचकून उठायचे. भिंतीवरच्या घड्याळात मोजलेत मी: वीस सेकंद, पंचवीस, कधी तीस. छाती हलायची, पण हवा आत जात नव्हती. मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास. दहा सेकंदांच्या वर श्वास थांबला की तो अ‍ॅप्निया. तपासणीत तासाला 41 वेळा श्वास अडकलेला निघाला. 30 च्या वर म्हणजे तीव्र.

आणि वजन? त्याचं 64 किलो. जबडा लहान, मागे गेलेला. घशातली वाट मुळातच अरुंद. वजन हे मोठं कारण आहेच, उतरवलं तर फायदा होतो. पण एकमेव कारण नाही.

मला खरा राग आला तो 'मन खंबीर करा' वाचून. दर दीड-दोन मिनिटांनी मेंदूला श्वासासाठी जागं व्हावं लागत असेल, तर सकाळी कुठलं मन खंबीर राहणार? दोन वर्षं तो मुलीवर ओरडायचा आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायचा. पेटी काढून गाणं बसवणं सोडलं. सिग्नलला गाडीत डोळा लागायचा. थकवा, चिडचिड, विसराळूपणा, कशातच रस नसणं ही लक्षणं स्लीप अ‍ॅप्निया आणि नैराश्य, दोन्ही आजारांत सारखीच, म्हणून नैराश्याचं निदान होतं आणि झोपेबद्दल कुणी विचारतच नाही.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या सेव्ह नावाच्या वैद्यकीय चाचणीत स्लीप अ‍ॅप्निया असलेले आणि हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले 2,717 रुग्ण होते. सीपॅप मशीनने त्यांचे पुढचे झटके कमी झाले नाहीत, हेही सांगायला हवं. पण दिवसाची झोप कमी झाली, मनःस्थिती आणि जीवनमान सुधारलं. मशीन लावूनही उदासी उरली, तर तिचे उपचार वेगळे घ्यावेत, आम्हीही घेतले.

गोळीचं तर बोलूच नका. झोपेच्या काही गोळ्या, आणि दारू, घशाचे स्नायू आणखी सैल करतात. घोरण्याबद्दल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय गोळी घेऊ नका.

राहिली सवय. त्या नळीतून औषध येत नाही, दाबाने हवा येते. तिने घसा उघडा राहतो. मशीन काढलं की श्वास पुन्हा अडकतो, कारण आजार तिथेच असतो. पहिले पंधरा दिवस जड गेले, हे खरं. नाक कोरडं पडायचं, मध्यरात्री मास्क ओढून काढायचा. मास्कचं माप बदललं, मशीनला पाण्याची टाकी जोडली, मग जमलं. आता सकाळी गालावर पट्ट्यांचे वळ असतात, आणि रविवारी पेटी पुन्हा बाहेर येते.