व्हॅक्यूम लागत नाही म्हणजे पंपाची पाती गेली? खुलासा

सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीचा व्हॅक्यूम कमी झाला की ‘पाती (पंपात फिरून हवा ओढणाऱ्या पट्ट्या) झिजली, पंप खोला’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो सरसकट मानू नका. बऱ्याचदा पंप ठणठणीत असतो आणि हवा दुसरीकडूनच आत शिरत असते.

आधी पंप न खोलता, टाकीपासून वेगळा तपासा. गाडीच्या टाकीकडे जाणारी लाइन पंपाजवळच बंद करा, तिथे गेज लावा आणि नेहमीच्या आरपीएमवर काही सेकंदच चालवा, कारण असा पंप पटकन तापतो. समुद्रसपाटीजवळ काटा २५ इंचांच्या (पाऱ्याच्या, म्हणजे व्हॅक्यूमच्या मापाच्या) आसपास गेला तर पंप खोलायचं कारण नाही. उंचावर दर ३०० मीटरला साधारण १ इंच कमीच दिसणार, तो दोष नव्हे.

मग टाकी तपासा: मॅनहोलचं गॅस्केट, होजचे कपलिंग, अर्धवट फिरलेला फोर-वे व्हॉल्व्ह (पंपाने टाकीतली हवा ओढायची की टाकीत ढकलायची हे ठरवणारा). शटऑफचा बॉल (टाकी भरली की वर तरंगून पंपाकडची वाट बंद करणारा गोळा) वर चिकटला असेल तर पंपाजवळ व्हॅक्यूम भरपूर, टाकीत मात्र काहीच नाही, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. गॅस्केटवर केसाएवढा खडा असला तरी गळती होते.

पंपच कमी ओढत असेल तर आधी पंपाला तेल देणाऱ्या ऑइलरमधून थेंब पडतात का पाहा. तेलाअभावी पाती खाचेत अडकतात, झिजलेली नसतानाही. तपासणीच्या भोकातून पाती किती झिजली ते मोजा, मगच पाना हातात घ्या.