बायकोला नाव का नाही?

नमस्कार. माझ्या पुस्तकावरच्या पोस्टवर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया झोंबली, म्हणून उत्तराला रविवार उजाडू दिला. तुमचे आक्षेप दोन. जपानी लेखक केन्झाबुरो ओएच्या 'ए पर्सनल मॅटर' या कादंबरीत (१९६४) बाळंतीण बायकोला साधं नाव नाही, आणि मी मात्र डोक्यात व्यंग असलेल्या बाळाच्या बापाची घालमेल 'हळवी' म्हणून डोक्यावर घेतली. शिवाय स्वतःच्याच मुलावरून लिहायचं होतं तर ओएनं सरळ 'मी' म्हणावं, 'तो'च्या आड कशाला लपावं?

दुसरा आधी घेतो. ओएचा मुलगा १९६३ साली डोक्यात व्यंग घेऊन जन्मला, हे खरंच. पण 'मी' म्हटलं की माणूस स्वतःची वकिली सुरू करतो. माझी मुलगी काचेच्या पेटीत होती तेव्हा मी खाली कॅन्टीनमध्ये मॅचचा स्कोअर बघत बसलो होतो. आज हे सांगतानाही मागोमाग 'टेन्शनच तेवढं होतं' असं तोंडावर येतंच. 'तो'मुळे ही सोय जाते. कादंबरीतला बाप, २७ वर्षांचा बर्ड, सासऱ्यानं दिलेली व्हिस्की मैत्रिणीकडे जाऊन रिचवतो, दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये शिकवताना पोरांसमोर ओकतो, आणि निवेदक त्याच्या वतीनं चकार शब्द काढत नाही. बाळाच्या डोक्याचं बँडेज बघून त्याला आठवतो कोण, तर युद्धात जखमी झालेला फ्रेंच कवी अपोलिनेर! पोटच्या पोराकडे बघताना साहित्य सुचणारा बाप. आपण त्याच्या डोक्यात असतो, बाजूनं नसतो.

१९६४च्याच ओएच्या 'अगुई'च्या कथेत बापानं बाळ मरू दिलंय. ते सांगतो त्या बापाच्या वडिलांनी त्याला पगारी सोबती म्हणून ठेवलेला एक विद्यार्थी, आणि हा विद्यार्थी 'मी' म्हणूनच बोलतो. म्हणजे ओएला 'मी'चं वावडं नव्हतं, बापाच्या तोंडी तो द्यायचा नव्हता.

आता बायको. बर्ड तिच्याकडे फारसा फिरकत नाही, म्हणून कथनही तिच्या खाटेपाशी थांबत नाही, असा बचाव मी टाइप केला होता. पुसला. कारण दुबळ्या माणसाला ऐन गरजेला टाकून जाणाऱ्यांपैकी तू आहेस का, असं ती त्याला विचारते. नवऱ्याला ती पुरती ओळखून आहे. मैत्रिणीला हिमिको हे नाव आहे, हिला नाही. शेवटच्या पानांवर बाळ हिच्या हातात, आणि सासऱ्याची शाबासकी मात्र जावयाला. दोनदा वाचूनही हे माझ्या नजरेतून सुटलं.

पोस्टमधला 'हळवी' काढतोय.