आठ सेकंदांची रिकामी जागा

आम्ही एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. दर महिन्याच्या 10 तारखेला, म्हणजे हप्त्याच्या दिवशी, सकाळी साडेअकराला शाखेतल्या मॅडमचा फोन येतो, "सर, गोल फिरतंय." बस, एवढंच. डॉक्टरकडे जाऊन "कसंतरीच होतंय" म्हणणाऱ्या पेशंटची ही सख्खी बहीण.

आमच्याकडे मग रिवाजाप्रमाणे हात झटकले जातात. डेटाबेसवाला म्हणाला, क्वेरी 60 मिलिसेकंदांत होते. नेटवर्कवाल्याने पिंग करून दाखवलं. सर्व्हरवाला म्हणाला, सीपीयू झोपा काढतोय. सगळे धुतल्या तांदळासारखे, आणि पान उघडायला साडेआठ सेकंद!

शेवटी ट्रेस लावायचं ठरलं. आत येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टला एक नंबर चिकटवायचा आणि ती कुठे किती वेळ रेंगाळली त्याची नोंद ठेवायची. गूगलने 2010 मध्ये आपल्या डॅपर या ट्रेस यंत्रणेवर पेपर लिहिला, तेव्हापासून हे लोण पसरलं. आता अशा नोंदी करणारं ओपनटेलिमेट्री फुकटच मिळतं. ट्रेस बघायला येगर घेतलं. येगर म्हणजे जर्मनमध्ये शिकारी. शिकार मात्र दिसेना. कारण डिस्क भरू नये म्हणून आम्हीच शहाणपणाने शंभरातली एकच रिक्वेस्ट नोंदवायचं सेटिंग केलेलं. ती कोणती, हे ती दारात असतानाच ठरतं. पुढे रखडणार आहे हे तिच्या कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं? नोंदल्या गेल्या त्या सगळ्या ठणठणीत. वायरमन दारात आला की पंखा गरागरा फिरायला लागतो, तसं.

सेटिंग शंभर टक्के केलं आणि एक सापडली. आता तिच्या नंबरावरून लॉग, म्हणजे प्रोग्रामने लिहून ठेवलेल्या नोंदी, शोधायचे. संस्थेच्या सर्व्हरवर सुरक्षेपायी कॉपी-पेस्ट बंद. म्हणून तो नंबर, म्हणजे ट्रेस आयडी, फोनवरूनच सांगायचा, आणि तो 32 अक्षरी. त्यात आकडे सोडले तर ए ते एफ एवढीच अक्षरं, आणि फोनवर बी, सी, डी, ई चारही एकसारखीच ऐकू येतात.

"डी."

"बी?"

"डी रे, डमरूतला डी!"

"मग मघाचा कुठला होता?"

"तो बटाट्यातला."

तिसऱ्या खेपेला जमलं. लॉगमध्ये काहीही नव्हतं.

म्हणून पुन्हा ट्रेसच बघत बसलो. त्यात प्रत्येक कामाला लागलेल्या वेळाची एकेक पट्टी दिसते. वर लॉगिन तपासणीची 12 मिलिसेकंदांची चिमुकली पट्टी. खाली क्वेरीची पट्टी, खरोखरच साठाची. आणि मधे आठ सेकंद नुसतं पांढरं. प्रत्येक पट्टीला मालक होता, पांढऱ्या जागेला कोणीच नव्हता. तिच्यावर मीटिंग झाली. (तीही पांढरीच गेली.)

ट्रेसमध्ये तेवढंच दिसतं जेवढं नोंदवायला सांगितलंय. मी कोडमधल्या, डेटाबेसचं कनेक्शन मागणाऱ्या ओळीभोवती हाताने एक स्पॅन, म्हणजे आणखी एक पट्टी, घातला. उशिरा हप्ता भरणारे देवमाणसं असतात. 11 तारखेलाच पांढरी जागा भरली. रिक्वेस्ट आठ सेकंद डेटाबेसच्या कनेक्शनसाठी रांगेत उभी होती! ही कनेक्शनं वाटून देणाऱ्या हिकारीच्या पूलमध्ये मुळात दहाच मिळतात, आणि तो आकडा आम्ही कधी वाढवला नव्हता. ती दहाही हप्ता जमा करणाऱ्या कोडने अडवलेली. हप्ता जमा करायचा, मग डेटाबेसमधला तो व्यवहार (ट्रान्झॅक्शन) तसाच उघडा ठेवून "आपला हप्ता मिळाला" हा एसएमएस पाठवायचा आणि एसएमएस कंपनीचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. पैसे भरून झाल्यावरही खिडकीतच उभं राहून "अगं, भरले बरं का" असा घरी फोन लावणारा माणूस असतो ना, तो. तसे दहा.

हा कोड कोणी लिहिला, याची चौकशी मी स्वतःहून माझ्याकडे घेतली. ती अजून चालू आहे.

एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढला, वेगळ्या रांगेत टाकला. पान पाव सेकंदात उघडायला लागलं. पुढच्या 10 तारखेला साडेअकराला फोन वाजलाच.

"सर, आता गोल फिरतच नाहीये."

"हो, मॅडम!"

"नाही, म्हणजे बटण दाबलं की लगेच येतंय. खरंच जमा होतंय ना? मी आपली खात्रीसाठी दोन-दोनदा दाबतेय."