मोठा प्रायोजक सापडला की झालं?
छोट्या फुटबॉल क्लबला वरच्या लीगमध्ये खेळायचं तर एखादा बडा उद्योगपतीच हवा, असं एका लेखात म्हटलंय. पटत नाही. स्पेनचा एबार बघा. जेमतेम २७ हजार वस्तीचं गाव. २०१४ मध्ये तिथला क्लब ला लीगात, म्हणजे स्पेनच्या सर्वात वरच्या श्रेणीत पोहोचला, डोक्यावर कर्ज नाही, तरी नियमापेक्षा भागभांडवल कमी म्हणून थेट तिसऱ्या श्रेणीत ढकलायची वेळ आली. हवे होते सुमारे १७ लाख युरो. त्यांनी शेअर लोकांना विकले, वर एकाला एक लाख युरोपेक्षा जास्त घेता येणार नाही अशी अटही घातली. म्हणजे मालक कुणी एकटा होणारच नाही! पुढे सलग सात हंगाम टिकले.

आपल्या कामठीत फुटबॉलवेडे कमी आहेत का राजेहो? पण इथं सगळा खर्च अध्यक्षांच्या खिशातून. ते रुसले की संघ बसला. (निवडणूक जवळ आली की ट्रॉफ्या मात्र कमरेएवढ्या.) मी पाचशे रुपये द्यायला तयार आहे, पण आधी क्लबनं नोंदणी करून वर्षाचा तपासलेला हिशेब मैदानाच्या फाटकावर लावावा. मुलांचं मानधन त्यात वेगळं दिसलं पाहिजे.