मुहूर्ताचं सीझर आणि बदनाम मिडवाइफ

आमच्या जिंतूरच्या गोतावळ्यात सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सरकार आता डॉक्टरऐवजी मिडवाइफकडून बाळंतपणं करून घेणार. मिडवाइफ म्हणजे जुनी दाईच. रक्त गेलं तर ती काय करणार? सदतिसावा आठवडा लागला की मुहूर्त काढून सीझर करून घ्या.’ खाली ‘ज्येष्ठ डॉक्टरांचा सल्ला’, नाव-गाव काही नाही. एरवी डिलीट केला असता. पण भाचीला आठवा लागलाय, तिच्या सासूबाईंनीच तो तिला पाठवलाय आणि घरात पंचांग उघडलं गेलंय.

दाईचं आधी उरकते. केंद्राच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे, नोंदणी झालेल्या नर्सलाच वर दीड वर्षाचं प्रशिक्षण देऊन मिडवाइफ करायचं आहे. शेजारच्या तेलंगणानं 2017 लाच करीमनगरात असं प्रशिक्षण सुरू केलं. आणि ‘डॉक्टरऐवजी’ कुणी सांगितलं? धोक्याची बाळंतीण डॉक्टरकडेच जाते.

आता मुहूर्त. हे वाचून माझं डोकंच फिरलं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या फुप्फुसातलं पाणी ओसरायला लागतं. कळा येण्याआधीच, तेही 39 आठवडे भरायच्या आत, विनाकारण पोट उघडलं तर बाळाला धाप लागण्याचा, काचेच्या पेटीत ठेवावं लागण्याचा धोका वाढतो. पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यांच्या जागी रुतून बसण्याची भीती वेगळी. तसं झालं तर रक्त आवरत नाही, कधी गर्भपिशवीच काढावी लागते. गरजेचं सीझर जीव वाचवतं, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण गुरुपुष्यामृताशी आहे.

रक्ताचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. रक्तपेढी नाही, ऑपरेशनची सोय नाही, अशा ठिकाणी एकटी मिडवाइफ काय, एकटा डॉक्टरही हात टेकतो. पण बाई बऱ्याचदा जाते ती रक्त किती गेलं हे वेळेत न कळल्यानं. नजरेचा अंदाज हमखास कमी निघतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला ई-मोटिव्ह अभ्यास बघा: आफ्रिकेतले चार देश, 80 रुग्णालयं, दोन लाखांवर बाळंतिणी. बाळंतिणीखाली मापाच्या रेघांचं प्लास्टिक अंथरायचं. रक्त रेघेपर्यंत आलं की वाट बघत न बसता पोट चोळणं, गर्भपिशवी आवळणारं औषध, रक्त थांबवणारं इंजेक्शन, सलाइन, तपासणी, सगळं लागोपाठ. जिवावरचा रक्तस्राव, त्यापायी पोट उघडणं आणि मृत्यू, तिन्ही मिळून प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. तिथं बाळंतपणं मुख्यतः मिडवाइफच करतात.

‘सरकारी दवाखान्यात बायांवर खेकसतात’ हेही मेसेजात आहे. खेकसतात, खोटं कशाला बोलू? घरची बाई सोबत राहू देणारी, कळांत उठू-फिरू देणारी मिडवाइफ हवी ती त्यासाठीच.

सासूबाईंनी डॉक्टरांना एवढंच विचारावं: बाळ आडवं आहे का, वार खाली आहे का, बीपी वाढलंय का? यातलं काही असेल तर ते सांगतील ती तारीख मुकाट्यानं घ्यावी, मग अमावस्या का असेना.