स्पेसरबद्दलच्या माझ्या जुन्या पोस्टचा खुलासा

'कोब्रा रेप्लिकाची चाकं आत गेलेली दिसत असतील तर २० मिमीचे स्पेसर टाका, बाकी काही बदलायला नको,' असं मी पूर्वी लिहिलं होतं. (कोब्रा रेप्लिका म्हणजे जुन्या कोब्रा स्पोर्ट्स कारची नक्कल; स्पेसर म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये टाकायची चकती.) ती पोस्ट अजून फिरते आहे. ती चुकीची आहे आणि चूक माझीच आहे.

परवा चाक काढून पुन्हा बसवताना नट हाताने फिरवत आटे मोजले. स्पेसरशिवाय वीस फेरे, स्पेसरसह जेमतेम चार. अर्ध्या इंची, इंचाला २० आटे असलेल्या स्टडवर (हबमधून बाहेर येणारा, चाकाचा नट ज्यावर बसतो तो दांडा) निदान दहा फेरे हवेत, म्हणजे स्टडच्या जाडीएवढी पकड. चार फेऱ्यांवर चाक निखळू शकतं. तेव्हा साधा स्पेसर टाकायचा तर लांब स्टड बसवावेच लागतात. स्वतःचे स्टड असलेला, हबला बोल्टने बसणारा स्पेसर चालतो, पण त्यातून मूळ स्टडची टोकं बाहेर आली तर चाक सपाट टेकत नाही.

ऑफसेटही बदलतो, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर; ते ईटी या अक्षरांपुढे मिमीमध्ये लिहितात. २० मिमीच्या स्पेसरने ईटी ३५ चं चाक ईटी १५ सारखं बसतं. टायर तेवढाच बाहेर येतो, बेअरिंगवरचा ताणही वाढतो. फायबरग्लासच्या बॉडीत दोन्ही बाजूंची चाकावरची कमान क्वचितच सारखी असते, म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून चारही चाकं कुठे घासत नाहीत ना ते तपासा. माझ्या मते योग्य ऑफसेटची चाकं घेणंच बरं.

जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवली असेल त्यांना हा खुलासा जरूर पाठवा.